पोरीच्या पर्समध्ये रिव्हॉल्व्हर टाकून सरकार मोकळं होणार?

३ फेब्रुवारी २०२० ला सकाळी हिंगणघाटच्या नांदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला पेट्रोल टाकून पेटवलं गेलं. आठवड्याने नागपुरात ती गेली. हिंगणघाटला लागूनच आमचा समुद्रपूर तालुका. इथल्या मुलीही शिकायला त्याच रस्त्यांनी जातात. असं काही घडलं की एक सल्ला हमखास येतो: पोरींच्या हातात रिव्हॉल्व्हर द्या. ऐकायला मर्दानी वाटतो, आतून पोकळ आहे.

आधी पैशाचं बोलू. दिल्लीच्या निर्भयाची आठवण ठेवून कानपूरच्या सरकारी कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणलं. बायकांना पेलावं म्हणून अर्धा किलो वजनाचं, .३२ बोअरचं. किंमत १,२२,३६० रुपये! तेव्हा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,००० रुपये. म्हणजे एका पोरीच्या जिवासाठी बापाने तीस क्विंटलहून जास्त कापूस विकायचा. वर परवान्यासाठी जिल्हा कचेरीच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि एकवीस वर्षं पूर्ण नसतील तर परवानाच नाही. अकरावीतल्या मुलीने काय करायचं?

“.३२ कसलं, मॅग्नम पाहिजे,” असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी मॅग्नमचा इतिहास वाचावा. १९५५ मध्ये अमेरिकेत मध्यम फ्रेमचं ‘कॉम्बॅट मॅग्नम’ आलं. दिवसभर कमरेला वागवता येईल एवढं हलकं, पण .३५७ मॅग्नम झाडणारं. पोलिसांना ते आवडलं. अडचण अशी की त्यात सौम्य .३८ ची काडतुसंही चालतात. मग सराव .३८ वर आणि ड्युटीला मॅग्नम, असं सुरू झालं. मॅग्नमचा धक्का आणि आवाज हाताला ओळखीचाच नाही. ५ एप्रिल १९७० ला कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे चार पोलीस चकमकीत मारले गेले, तेव्हा कुठे तिथल्या पोलिसांनी प्रशिक्षणाकडे नव्याने पाहिलं. पगारी, गणवेशातल्या माणसांची ही गत. वर्षात एक गोळीही न झाडलेली मुलगी चौकात मागून आलेल्या माणसापुढे काय करेल?

“मग पोलीस येईपर्यंत तिने मरायचं का?” प्रश्न रास्त आहे. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलाय, तो कुणी काढून घेऊ नये. पण हिंगणघाटचा आरोपी आभाळातून पडला नव्हता. तो तिच्या ओळखीचा होता, तिच्या मागावर होता. २०२२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याला थांबवायची वेळ पेट्रोलची बाटली हातात येण्याआधीची होती, आणि त्या वेळी रिव्हॉल्व्हर कामाचं नसतं. तिथे लागतो पोलीस ठाण्यातला माणूस. पाठलाग हा गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये तो लिहिलाय. पण पहिल्या खेपेला तो जामीनपात्र आहे!

शस्त्र द्यायचंच तर आधी पोलिसांना द्या, आणि नुसतं शस्त्र नको, दरमहा सरावाची काडतुसंही द्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात काठी घेऊन कसाबच्या रायफलीला भिडले. आपण त्यांना अशोकचक्र दिलं. त्यांच्या हातात काठीच का होती, हे मात्र पुरेसं विचारलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी “पोरीला रिव्हॉल्व्हर द्या” म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: तिची पहिली तक्रार कुणी लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या दारात कोण गेलं?