आकडा मोठा, गव्हाण रिकामी

आज कपाशीची नोंद नाही. आज हरण्याबद्दल लिहितो, आन् रागातच लिहितो.

हरण्या माझा बैल. चौदा वर्षं पहूरच्या काळ्या वावरात राबला. गुडघे गेले तेव्हा लोक म्हणाले, गोशाळेत देऊन टाका, पुण्य लागेल. मी टेम्पो केला, २१०० रुपयांची पावती फाडली आन् सुटलो असं समजलो.

पोळा जवळ आला तसं राहवलं नाही. पुरणपोळी बांधून भेटायला गेलो. हरण्या चिखलात आडवा पडलेला. एकाच कुशीवर पडून पडून चट्टे पडलेले, त्यात माशा. शिंगांवरून ओळखला, अंगावरून ओळखूच आला नसता.

मग मी पावलांनी शेड मोजलं. १०० फूट लांब, ४० फूट रुंद. मोठ्या ढोराला छताखाली ३५-४० चौरस फूट जागा लागते. म्हणजे तिथं शंभर ढोरं नीट राहतील. होती साडेतीनशे. गडी दोन. गव्हाणीवर एका ढोराला दोन-अडीच फूट जागा पाहिजे. ती नसली की तगडी खातात, म्हातारी मागं उभी राहतात. एका ढोराला दिवसाला सहा किलो सुका चारा धरला तरी साडेतीनशेला रोज २१ क्विंटल होतो. कोपऱ्यात कडब्याच्या साठेक पेंढ्या होत्या.

चालवणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "भाऊ, पुण्याचं काम हाये, कोनाले नाही कसं म्हनू?"

मी म्हणतो, नाही म्हणायलाच पाहिजे. चारा नसताना ढोर आत घेणं ही दया नाही. खाटकाकडं एका दिवसात मरतं, इथं दोन महिने मरतं.

हे एकाच ठिकाणचं असतं तर गप्प बसलो असतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जयपूरजवळच्या हिंगोनिया गोशाळेत पंधरवड्यात पाचशेच्या आसपास गायी मेल्या. ती तर महापालिकेची होती. मजुरांचे पगार थकले, ते संपावर गेले, त्यात पाऊस लागला, शेण-चिखल काढायला कोणी राहिलं नाही. पुढच्याच वर्षी छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात तेच झालं, गोशाळा चालवणाऱ्याला अटक झाली.

आपल्याकडं मार्च २०१५ पासून बैलाची कत्तलही बंद आहे. त्यावर माझा वाद नाही. पण थकलेला बैल शेतकऱ्यानं ठेवायचा कुठं, याची सोय कोणी केली? सगळा भार गोशाळांवर आला. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारनं गोशाळेतल्या देशी गायीमागं रोज ५० रुपये जाहीर केले. चांगलं केलं. पण पैसा डोकी मोजून मिळाला की डोकी वाढवायचा मोह होतो. कानातला बिल्ला तपासता तशी गव्हाणही तपासा.

माझं म्हणणं एवढंच :

१. किती ढोरांची सोय आहे आन् आज किती आहेत, हा फलक दारावर लागला पाहिजे.
२. मेलेल्या ढोरांची नोंदवही कोणालाही पाहता आली पाहिजे. किती वाचवली हे सगळे सांगतात, किती मेली हे कोणी सांगत नाही.
३. पशुवैद्यकानं ठरल्या दिवशी यावं. बसलेलं ढोर दिवसातून तीन-चार वेळा कूस बदलून, खाली कुटार टाकून ठेवावं लागतं. दोन गडी साडेतीनशेत हे करू शकत नाहीत.
४. अनुदान देण्याआधी चाऱ्याचा साठा मोजा.

आन् आता आपलं. गोशाळेवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. हरण्याला तिथं सोडलं मी. चौदा वर्षांत त्यानं मला किती कमवून दिलं याचा हिशोब मी कधी केला नाही, त्याच्या चाऱ्याचा मात्र लगेच केला. ढोर देणार असाल तर आधी जागा पाहून या, वर्षाचा कडबा सोबत द्या, महिन्याला एक चक्कर मारा. जमत नसेल तर बांधावरच्या सावलीत ठेवा. मक्याची कुट्टी त्यालाही पुरते.

हरण्याला मी त्याच टेम्पोनं परत आणलं. नवव्या दिवशी आपल्याच खुट्यावर गेला. पशुवैद्यक म्हणाले, महिनाभर आधी आणला असता तर उठला असता.

तुमच्या भागातल्या गोशाळेची गव्हाण कोणी पाहिली असेल तर खाली लिहा. चांगली असेल तर तेही लिहा, आपण तिथं चारा पाठवू.