गच्चीवरचे सॉकेट

चतुर्थी आटोपली की गोव्यातील हॉटेलांना पर्यटनाच्या हंगामाचे वेध लागतात. ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी खोल्यांना रंग चढतो, बागा कातरल्या जातात आणि गच्चीवर उभ्या असलेल्या वातानुकूलन यंत्रांची साफसफाई सुरू होते. बँका, इस्पितळे, सभागृहे यांच्या गच्च्यांवरही हेच दृश्य दिसते. पाऊस अद्याप पुरता सरलेला नसतो. गच्ची ओली असते आणि यंत्र धुण्यासाठी मारलेल्या पाण्याने ती अधिकच ओली होते. अशा ठिकाणी मेकॅनिकला पाण्याचा पंप, ड्रिल किंवा व्हॅक्यूम पंप चालवावा लागतो व त्यासाठी २३० व्होल्टची साधी वीज लागते. ही वीज तो कोठून घेतो, हा प्रश्न इमारतीच्या मालकास सहसा पडत नाही. आमच्या मते तो पडावयास हवा. कारण त्याच्या उत्तरावर एका माणसाचा जीव अवलंबून असतो.

लाखो रुपयांचे यंत्र बसविले जाते, परंतु त्याच्या शेजारी दुरुस्तीसाठी एक सॉकेट असावे, हे अनेकदा कोणाच्या ध्यानीही येत नाही. मग मेकॅनिकपुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे जिन्यावरून वर ओढलेली, ठिकठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आणि डबक्यांतून पसरलेली लांब वायर. दुसरी वाट त्याहूनही घातक आहे. यंत्राचे झाकण उघडून आतल्या जोडणीतूनच वीज घ्यावयाची! मोठी यंत्रे ४१५ व्होल्टच्या तीन फेजांवर चालतात आणि त्यांतील अनेकांना न्यूट्रलची तार आणलेलीच नसते. तेव्हा एक फेज घ्यावयाची आणि परतीच्या वाटेसाठी अर्थिंगच्या तारेचा उपयोग करावयाचा, अशी युक्ती काढली जाते. ड्रिल फिरू लागते आणि काम भागले असे सर्वांना वाटते.

वस्तुतः अर्थिंगची तार रोजचा प्रवाह वाहण्यासाठी नसते. ती संकटकाळासाठी राखलेली वाट होय. समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याने तिचा बोल्ट गंजला आणि जोड सुटला, तर प्रवाहाला परतीची वाट उरत नाही. त्या तारेला जोडलेला यंत्राचा पत्रा सजीव होतो आणि त्यास टेकून काम करणाऱ्याचे ओले शरीर हीच विजेची वाट बनते. गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण जागेवर असेल, तर ही लबाडी ते क्षणात पकडते. परंतु ‘सारखा ट्रिप होतो’ या तक्रारीवरून ते उपकरणच काढून टाकल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. चोर सापडतो म्हणून पहारेकऱ्यालाच घरी पाठविण्याचा हा प्रकार आहे.

सॉकेट बसविले म्हणजे प्रश्न सुटला असेही नव्हे. ते यंत्राच्या मुख्य खटक्याच्या पुढे जोडले, तर खटका बंद करताच सॉकेटही मृत होते. साहजिकच पंप चालविण्यासाठी मेकॅनिक यंत्र चालू ठेवतो आणि सजीव तारांमध्ये हात घालतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने असे सॉकेट यंत्रापासून २५ फुटांच्या आत व त्याच पातळीवर असावे, असे सांगून ते यंत्राच्या खटक्याच्या पुढल्या बाजूस जोडण्यास मनाई केली आहे. उलट, त्याच पेटीत खटक्याच्या अलीकडून जोड घेतला, तर खटका पाडल्यानंतरही पेटीतील काही तारा सजीव राहतात आणि बेसावध माणूस फसतो. यावर निर्धोक उपाय एकच: वितरण फलकापासून सॉकेटसाठी स्वतंत्र फेज, स्वतंत्र न्यूट्रल व स्वतंत्र अर्थिंग आणावे, त्यावर स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. सॉकेटची पेटी न गंजणारी आणि प्लग लावलेला असतानाही पाणी आत शिरू न देणारी असावी.

हे ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? घरातला ६० वॉटचा साधा दिवा सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या नवव्या हिश्श्याहूनही थोडी अधिक गळती होताच हे उपकरण वीज तोडते. मात्र तेही सर्वशक्तिमान नव्हे. फेज व न्यूट्रल या दोहोंना एकाच वेळी हात लागला, तर त्यास तो फरक कळत नाही. म्हणून यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी त्याचा खटका पाडून त्यास कुलूप लावणे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असणे अगत्याचे आहे. उपकरणावरील चाचणीचे बटण हंगामाच्या आरंभी दाबून पाहावे. दाबल्यावर ते पडले नाही, तर ते शोभेचेच समजावे.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक नियमांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत गळतीपासून संरक्षणाची तरतूद आहे. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असेही बंधन आहे. उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्यांची. नव्या इमारतीची विद्युत तपासणी करताना अधिकाऱ्यांनी गच्चीपर्यंत चढावे, तेथे सॉकेट आहे काय आणि ते कोठून जोडले आहे, हे स्वतः पाहावे. सरकारने आपल्या कचेऱ्या व इस्पितळांपासून आरंभ करावा. दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार त्यामुळेच येतो. मालकांनीही देखभालीचा करार करताना दराबरोबर ही सोय लेखी नमूद करावी. यंत्राच्या किमतीच्या मानाने तिचा खर्च नगण्य आहे.

गच्चीवर चढणारा हा माणूस बहुधा ठेकेदाराकडे रोजंदारीवर असतो. ‘सॉकेट नाही, म्हणून काम करणार नाही’, असे म्हणण्याची त्याची ताकद नसते. त्याचा मृत्यू झालाच, तर वृत्तपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते आणि तीतही दोष त्याच्या निष्काळजीपणावर जातो. आम्हांस हे मान्य नाही. निष्काळजीपणा त्याच्या हातून घडण्याच्या कितीतरी आधी तो नकाशावर घडलेला असतो, आणि तो दुरुस्त करण्याची जबाबदारी खाली गारव्यात बसलेल्यांची आहे.