झाकलेली चूक माणसे मारते!

जानेवारी 2022 मध्ये बेंगळुरूच्या विमानतळावर इंडिगोच्या दोन विमानांनी समांतर धावपट्ट्यांवरून जवळजवळ एकाच वेळी उड्डाण केले आणि हवेत चढताच ती एकमेकांच्या दिशेने वळली. एक कोलकात्याला निघाले होते, दुसरे भुवनेश्वरला. दोन्हींत मिळून चारशेहून अधिक माणसे होती. दोन्ही वैमानिकांनी परवानगी घेऊनच टेकऑफ केले होते. पाळीच्या प्रमुखाने दक्षिण धावपट्टी बंद ठेवून सगळी विमाने उत्तरेच्या धावपट्टीवर घ्यायचे ठरवले होते. पण तो निर्णय दक्षिण टॉवरच्या नियंत्रकाला कुणी सांगितलाच नाही. रडारवर बसलेल्या नियंत्रकाच्या वेळीच लक्षात आले, त्याने दोन्ही विमानांना वेगवेगळ्या दिशा दिल्या, म्हणून ती माणसे वाचली.

पुढे काय झाले ते ऐका. या प्रसंगाची लॉगबुकात नोंद नव्हती आणि नियामकाला तो कळवलेलाही नव्हता, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या अधिकाऱ्यांनीच तेव्हा सांगितले. चारशे माणसे मृत्यूच्या दारातून परत आली आणि कागदावर काही घडलेच नव्हते! निरोप न पोहोचणे ही चूक होय. ती थकलेल्या, घाईत असलेल्या कुणाच्याही हातून होऊ शकते. पण ती चूक दडपणे हा प्रवाशांशी केलेला द्रोह आहे, आणि आमचा आजचा संताप त्या द्रोहावर आहे.

विमान जमिनीवरून सुटण्याआधी वैमानिकाला अनेक परवानग्या घ्याव्या लागतात. कोणत्या मार्गाने जायचे आणि किती उंची गाठायची याची एक, विमान मागे ढकलून इंजिने सुरू करण्याची दुसरी, टॅक्सीवेवरून धावपट्टीच्या तोंडाशी येण्याची तिसरी, धावपट्टीवर येऊन उभे राहण्याची चौथी, आणि प्रत्यक्ष टेकऑफची सर्वांत शेवटी. प्रत्येक परवानगी वैमानिकाने उलट म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन तपासायची, हा नियम आहे. एक परवानगी दुसरीच समजली गेली की काय होते, हे जगाने 27 मार्च 1977 रोजी पाहिले.

त्या दिवशी कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासच्या विमानतळावर बॉम्ब फुटला आणि तिकडची विमाने तेनेरिफच्या लहानशा विमानतळावर वळवण्यात आली. जागा अपुरी, टॅक्सीवे उभ्या विमानांनी अडलेला, त्यात दाट धुके. केएलएमचे बोइंग 747 धावपट्टीच्या टोकाला वळून उभे होते आणि पॅन ॲमचे बोइंग 747 त्याच धावपट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते. टॉवरने केएलएमला फक्त मार्गाची परवानगी सांगितली. सहवैमानिक ती म्हणून दाखवत असतानाच कॅप्टनने विमान धावायला सोडले. ‘आम्ही आता टेकऑफवर आहोत’, अशा अर्थाचे मोघम शब्द रेडिओवरून गेले. विमान तयार होऊन उभे आहे, असे नियंत्रकाला वाटले. ‘ओके’ म्हणून त्याने पुढे थांबायला सांगितले. त्याच क्षणी पॅन ॲमनेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले. दोन आवाज एका फ्रिक्वेन्सीवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ नंतर कर्कश शिट्टी तेवढी ऐकू आली. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन ॲम धावपट्टीवरून हटले नाही का, असे त्याने विचारले. कॅप्टनने ठामपणे ‘हटले’ म्हटले. 583 माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात याहून मोठा अपघात आजही नाही.

तो कॅप्टन नवखा नव्हता. केएलएमच्या 747 वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तो प्रमुख होता. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची 747 साठीची परीक्षा त्यानेच दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण टोकणार? शंका खरी होती, ती उच्चारलीही गेली, पण अधिकारापुढे गप्प झाली. या राखेतून जगाने दोन धडे घेतले. ‘टेकऑफ’ हा शब्द टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, हा पहिला. कॉकपिटमधल्या सर्वांत कनिष्ठ माणसालाही कॅप्टनला अडवण्याचे प्रशिक्षण द्यायचे, हा दुसरा.

चूक दडली की काय होते, याचा पुरावा त्याहून जुना आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून 92 माणसे मेली. उतरणीची परवानगी मिळाली म्हणजे खाली येणे सुरक्षित आहे, असे वैमानिकांनी मानले होते. नियंत्रकाच्या लेखी तिचा अर्थ निराळा होता. चौकशीत उघड झाले की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान नेमक्या याच गैरसमजातून त्याच भागात थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती सूचना कंपनीबाहेर गेलीच नाही. ती टीडब्ल्यूएपर्यंत पोहोचली असती, तर? या प्रश्नाने अमेरिका हादरली आणि 1976 मध्ये अशा चुका कळवण्याची गोपनीय यंत्रणा उभी राहिली. ती नियामकाच्या हाती न देता नासाकडे सोपवली गेली. कळवणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते आणि चूक सर्वांना वाचायला मिळते.

उलट म्हणून दाखवले की संकट टळले, असेही कुणी समजू नये. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे छोटे विमान भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. टॉवरने त्याला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिले, म्हणून धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत येण्यास सांगितले. वैमानिकांनी सूचना अचूक म्हणून दाखवली, तरीही आपल्याला धावपट्टीवर जाण्याची मुभा मिळाली, असा समज करून घेतला. सुमारे 40 सेकंद ते विमान धावपट्टीवर उभे होते. इशारा देणारा पडदा टॉवरमध्ये होता, पण तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस त्याच्यावर आदळले. एअरबसमधले सर्व 379 जण जळत्या विमानातून बाहेर पडले. तटरक्षक दलाचे पाच जवान मात्र दगावले. जपानने तातडीने ‘नंबर वन’ म्हणणे थांबवले आणि त्या पडद्यावर नजर ठेवायला स्वतंत्र माणूस बसवला. तिथे व्यवस्थेला हात घातला गेला.

आपल्याकडे हात कुणाला घातला जातो? 8 जून 2024 रोजी मुंबईत एअर इंडियाचे विमान धावपट्टीवरून सुटत असतानाच मागून इंडिगोचे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. परवानगी दोघांकडेही होती. त्या नियंत्रकाला कामावरून बाजूला केले गेले. चौकशीपुरते ते योग्यच होते. पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते आणि तिच्यावरून दिवसाला नऊशेहून अधिक विमाने ये-जा करतात. दोन विमानांत किती सेकंद ठेवायचे, तासाला किती विमाने घ्यायची, एका माणसाच्या कानावर किती आवाज लादायचे, हे तो नियंत्रक ठरवत नाही. हे ठरवणाऱ्यांपैकी किती जणांना जाब विचारला गेला? पुण्यात फेब्रुवारी 2020 मध्ये दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान वेगात धावत असताना वैमानिकाला समोर जीप आणि माणूस दिसला. त्याने विमान वेळेआधी उचलले, शेपूट घासले, पण प्रवासी सुखरूप पोहोचले. धावपट्टी मोकळी असल्याची खात्री करणारी साखळी कुठे तुटली, हे पुण्याच्या प्रवाशाला कुणी समजावून सांगितले?

डीजीसीएकडे चूक स्वेच्छेने कळवण्याची सोय आहे, असे उत्तर येईल. पण जो परवाना काढून घेऊ शकतो, त्याच्याच दारात कोण मोकळेपणाने कबुली द्यायला जाईल? शिवाय त्या दाराआड माणसे तरी पुरेशी आहेत का? 2025 मध्ये डीजीसीएची मंजूर पदे निम्म्याच्या आसपास रिकामी होती. नियंत्रकांची टंचाई आणि त्यांच्यावरचा ताण यावर संसदीय समितीने त्याच वर्षी बोट ठेवले आहे. दुसरीकडे ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. एकाच महानगराच्या आकाशात आता दोन विमानतळांची विमाने चढणार-उतरणार. काँक्रीट ओतायला पैसा मिळतो. नियंत्रक घडवायला मात्र वर्षे लागतात आणि त्या वर्षांचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. चुका कळवण्याची गोपनीय यंत्रणा डीजीसीए आणि नियंत्रकांना नोकरीवर ठेवणारे विमानतळ प्राधिकरण या दोघांच्याही कक्षेबाहेर उभारा आणि तिच्याकडे आलेली प्रत्येक चूक नावे वगळून दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करा. पुण्यात हवाई दल आणि गोव्याच्या दाबोळीला नौदल नागरी विमानांना परवानग्या देते. त्या टॉवरनाही हाच नियम लावा, कारण प्रवासी तोच असतो. धावपट्टी बदलण्याचा निर्णय प्रत्येक संबंधित नियंत्रकाने उलट म्हणून दाखवेपर्यंत लागू होऊ नये. वैमानिकाला जी शिस्त लावता, ती टॉवरलाही लावा. व्यस्त विमानतळांवर धावपट्टी मोकळी नसताना लाल दिवे लावून विमानाला अडवणारी यंत्रणा बसवा आणि तिच्याकडे पाहायला माणूस द्या. ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणाऱ्या वैमानिकाला खेकसणारा नियंत्रक आणि सहवैमानिकाची शंका उडवून लावणारा कॅप्टन, दोघांचेही प्रशिक्षण पहिल्यापासून घ्या. आणि रिकाम्या पदांवर माणसे येईपर्यंत तासाला घ्यायच्या विमानांची संख्या वाढवू नका, विमान कंपन्या कितीही ओरडल्या तरी!

वरिष्ठाला उलट विचारू नये, घरातले बाहेर नेऊ नये, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. धावपट्टीवर ही शिकवण प्राणघातक ठरते. तेथे प्रश्न विचारणे हेच कर्तव्य आहे आणि चूक उघड करणे हीच निष्ठा आहे. नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत उभे राहून देशाला एक हमी द्यावी: जो वैमानिक वा नियंत्रक आपल्या हातून अनवधानाने झालेली चूक स्वतःहून सांगेल, त्याची नोकरी राखली जाईल, आणि जो ती चूक दडपेल, तो कितीही वरच्या खुर्चीत बसलेला असो, त्याला त्याच दिवशी त्या खुर्चीतून उठवले जाईल.