दोन तासांच्या खुर्चीचं भाडं

भोकरदनचा माणूस विमानतळावर वेळेवर पोचत नाही. तो फार लवकर पोचतो. चिकलठाण्याचं विमानतळ इथून साठ-सत्तर किलोमीटरवर. रस्ता मोकळा मिळाला तर दोन तासांच्या आत माणूस दारात उभा. पण रस्ता मोकळा मिळेल यावर इथे कोणाचा विश्वास नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात पुलावरचं पाणी, लग्नसराईत रस्त्यावरच नाचणारी वरात. म्हणून घरातलं वडीलधारं माणूस तासभर जास्तीचा धरतं, गाडीवाला त्यात आपला अर्धा तास घालतो, आणि संध्याकाळच्या विमानाला आपण दुपारीच हजर. मुंबईहून परदेशी जायचं असेल तर विचारूच नका. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पार मुंबईच्या वेशीपर्यंत खुला झाला, जालन्याहून वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ पासून मुंबईला जाऊ लागली, तरी पहाटेच्या विमानासाठी आदल्या दुपारी घर सोडायची रीत काही मोडली नाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा पुतण्या. तो हिंजवडीत नोकरीला आहे, कंपनीच्या कामानं बंगळूर, दिल्ली, हैदराबाद चालूच असतं. परवा फोनवर म्हणाला, ‘काका, एअरपोर्ट लाउंजची वर्षाची मेंबरशिप घ्यावी म्हणतो. परवडेल का?’

मी म्हटलं, ‘काहून पाहिजे तुला?’

‘निवांत बसता येतं. खाणं असतं, वायफाय असतं.’

‘पण तू बसतोस कधी?’

यावर तो हसला. कारण तो बसत नाही. चेक-इन मोबाइलवर, सामान म्हणजे पाठीवरची एक पिशवी. सुरक्षा तपासणी उरकून तो गेटवर जातो तेव्हा विमानात माणसं चढायला लागलेली असतात. उड्डाणाच्या पंचवीस मिनिटं आधी गेट बंद होतं, हे त्याला पाठ आहे आणि त्याचा सगळा हिशेब त्या पंचवीस मिनिटांवर बेतलेला आहे. असा माणूस लाउंजमध्ये जाईल कधी आणि खाईल काय?

या धंद्यातली खरी गंमत इथेच आहे. वर्षाचा पास त्याला विकला जातो जो सारखा उडतो. सारखा उडणारा माणूस थांबायचं टाळायला शिकलेला असतो. आणि ज्याला खरोखर चार तास खुर्ची लागते, तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा विमानात बसणारा आपला माणूस. त्याला वर्षाचा पास म्हणजे एका लग्नासाठी बाराही महिने मंगल कार्यालय भाड्यानं घेतल्यासारखं.

आकडे मांडून बघू. या व्यवसायातलं जगभर चालणारं नाव म्हणजे प्रायॉरिटी पास, १९९२ साली सुरू झालेलं. गेल्या काही वर्षांतलं त्यांचं डॉलरमधलं दरपत्रक असं: सगळ्यात स्वस्त योजना वर्षाला ९९ डॉलर, आणि वर प्रत्येक खेपेला ३५ डॉलर. मधली ३२९ डॉलर, त्यात दहा खेपा फुकट. वरची ४६९ डॉलर, कितीही वेळा जा. डॉलर ८५ रुपयांना धरला तर पहिली योजना साधारण ८,४०० रुपयांची आणि वरची ४० हजारांच्या घरात. आता समजा स्वस्त योजना घेतली आणि वर्षात दोनदाच गेलात. ९९ अधिक ७० म्हणजे १६९ डॉलर, भागिले दोन. एका बैठकीला सात हजारांच्या वर रुपये. एवढ्यात मुंबईत विमानतळाजवळ बरी खोली मिळते, पलंगासकट. सात खेपा झाल्या की मधली योजना स्वस्त पडू लागते, चौदाच्या पुढे गेलात की वरची. चौदा खेपा म्हणजे चौदा वेळा विमान नव्हे, चौदा वेळा विमानतळावर निवांत बसणं. दोन्हीत फरक आहे, आणि पास घेताना तो फरक कोणी मोजत नाही.

मोजत नाही हे मी हवेत बोलत नाही. स्टेफानो डेलाव्हिग्ना आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सभासदांचा हिशेब तपासला. तो निबंध २००६ साली छापून आला. महिन्याला ७० डॉलरच्या वर भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळाच येत होते. म्हणजे खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच व्यायामशाळेत दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर खेपेला दहाच डॉलर पडले असते. माणूस पास घेतो तो पुढच्या वर्षीच्या स्वतःसाठी. पुढच्या वर्षीचा तो स्वतः फार शिस्तीचा असतो, पहाटे उठतो, विमानतळावर वेळेआधी जाऊन पुस्तक वाचतो. प्रत्यक्षात जो येतो तो नेहमीचाच.

लाउंज ही चीज निघाली अमेरिकेत. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडमिरल्स क्लब काढला. सुरुवातीला पैसे भरून आत जाता येत नव्हतं; कंपनीला ज्यांना खूश ठेवायचं होतं त्यांनाच बोलावणं जायचं. पुढे दार पैसे भरणाऱ्यांना उघडलं, आणि त्यानंतर खूप वर्षांनी आपल्याकडे ते बँकेच्या कार्डाला उघडलं.

प्रवाशाची सोय करणं ही गोष्ट मात्र आपल्या भागाला नवी नाही. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या लोकांची नावं शिलालेखांत आहेत. उज्जैन आणि पैठणला जोडणाऱ्या वाटेवरचं हे गाव. सत्तरच्या दशकात इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी ती इतकी जुळते की अभ्यासक या दोघींचा उल्लेख एकत्र करतात. माल इतका लांब जात होता म्हणजे माल नेणारे मुक्कामही करत असणार. त्या काळात मुक्कामाची सोय कोण करायचं, याचा एक पक्का पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तिथल्या दहाव्या लेण्यातल्या लेखात आपली दानं मोजून सांगतो: भडोच, मंदसौर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, तळी-विहिरी केल्या, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. वर्षाची वर्गणी कोणाकडून घेतल्याचं त्यात नाही. अर्थात उषवदाताला त्यात पुण्य मिळत होतं. बँकेला काय मिळतं ते बघू.

आपल्याकडे लाउंजमध्ये जाणारे बहुतेक लोक सभासदत्वाचा पैसा भरतच नाहीत. ते दारावरच्या यंत्रात क्रेडिट किंवा डेबिट कार्ड घालतात, दोन रुपये कापले जातात, आणि आत उपमा, इडली, राजमा-भात. दोन रुपयांत पोटभर जेवण, ही बातमी घरोघरी पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या विमानतळांवर लाउंजच्या दाराशी रांगा लागू लागल्या. गर्दी टाळायला जिथे जायचं, तिथे जायलाच गर्दी.

पण त्या जेवणाचे पैसे कोणीतरी लाउंजला देतंच. ते बँक देते. आणि बँक दान करत नाही. म्हणून २०२४ पासून अटी आल्या. आयसीआयसीआय बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून आपल्या बऱ्याच कार्डांना अट घातली की आधीच्या तिमाहीत ३५ हजार खर्च केला असेल तरच लाउंज. नोव्हेंबरमध्ये तो आकडा ७५ हजार झाला. इतर बँकांनीही आपापल्या रेषा ओढल्या. आता बघा, तिमाहीला ७५ हजार तुमचा तसाही कार्डावर खर्च होत असेल, किराणा, खतं, शाळेची फी, तर ठीक. पण लाउंज चालू राहावा म्हणून कोणी दहा हजारांचं जास्तीचं काही घेतलं, तर त्याची इडली दहा हजारांची झाली. मला अशी माणसं माहीत आहेत. त्यांना हे सांगून उपयोग नसतो. ते पॉइंट्सचा हिशेब काढून दाखवतात.

शिवाय कार्डावरची सोय आज आहे ती उद्या असेलच असं नाही. देशात बँका आणि लाउंज यांच्यामधला बहुतांश व्यवहार ज्या ड्रीमफोक्स कंपनीच्या हातात होता, तिनं सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवाच बंद केली. बँकांनी दुसरी व्यवस्था लावली, पण म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ॲपमध्ये आपल्या कार्डाचं नाव तपासायचं. मागच्या दिवाळीत चाललं होतं, हा पुरावा दारावरचा माणूस मानत नाही.

मग लाउंजची किंमत धरायची किती? माझं मत असं की आत मिळणाऱ्या खाण्याची छापील किंमत धरायचीच नाही. नाहीतरी तुम्ही बाहेर जेवढ्याचं घेतलं असतं, तेवढीच धरायची. आमच्याकडचा माणूस बाहेर काही घेत नाही. त्याच्या पिशवीत दशम्या, कारळ्याची चटणी, उकडलेल्या शेंगा असतात. हे सगळं तपासणीतून आत जातं. सुकं खोबरं मात्र नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात गणलं जातं आणि सुरक्षावाले काढून ठेवतात. पाण्याची बाटली आत गेल्यावर फुकट भरून घेता येते. चहाच हवा असेल तर कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या उडान यात्री कॅफेत तो दहा रुपयांना आणि समोसा वीस रुपयांना मिळू लागला. पुढे असे कॅफे आणखी काही विमानतळांवर निघाले. आणि विमानच दोन तासांहून जास्त उशिरा असेल, तर छोट्या पल्ल्याच्या प्रवाशांना खाणंपिणं देणं नियमानं विमान कंपनीवर आहे. मागावं लागतं, एवढंच. मागायला आपली माणसं लाजतात आणि तिथेच शेजारी दोनशेचं सँडविच घेतात.

खाणं असं वजा केलं की उरते खुर्ची, स्वच्छ संडास, मोबाइलला चार्जिंग आणि थोडी शांतता. गेटजवळ चार्जिंगची सोय आता बऱ्याच ठिकाणी असते. म्हणजे किंमत खुर्चीची. तीही अमर्याद नाही. बहुतेक लाउंज दोन-तीन तासांनी उठवतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, लोक दिवस-दिवस विमानतळांवर अडकले. तेव्हा पास असला तरी तीन तासांनंतरचं काय?

एका जागी मात्र मी लाउंजच्या बाजूनं बोलेन. आमच्या गल्लीतलं एक जोडपं, दोघंही सत्तरीच्या पुढचे, मुलीकडे अमेरिकेला निघालं. वाटेत आखातातल्या विमानतळावर मध्यरात्री विमान बदलायचं, मधे सहा तास. आजीचे गुडघे गेलेले, आजोबांना दर दोन तासांनी संडास. अशांनी लोखंडी खुर्चीवर रात्र काढायची नाही. त्यांच्यासाठी मुलीनं त्या एका रात्रीपुरता, एका लाउंजचा प्रवेश आधी ऑनलाइन घेऊन ठेवला. वर्षाचा पास नाही, कार्ड नाही. खर्च किती आला ते तिनं आईला सांगितलं नाही, ते शहाणपणाचं केलं. आपल्या देशांतर्गत लाउंजमध्येही असं रोख भरून जाता येतं, हजार-दोन हजारांच्या आसपास, कुठे जास्त. ज्याला वर्षातून एकदाच थांबायचंय त्यानं एकदाचेच पैसे द्यावेत.

पुतण्याला मी सांगितलं, मेंबरशिप घेऊ नकोस. कार्डावर मिळतंय तोवर जा, नाही मिळालं तर गेटवर बस, तसाही तू वीस मिनिटंच बसणार. त्याला पटलं की नाही कोण जाणे. मग म्हणाला, ‘तुमचे मिरचीवाले मित्र तर पास घेऊन फिरतात!’

ते खरं आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात त्यांचा व्यापार आहे, हंगामात माल परराज्यात जातो आणि थकलेली रक्कम वसूल करायला हे स्वतः विमानानं मागे जातात. पासाचे पैसे ते खाण्यात वसूल करत नाहीत. आतलं जेवण त्यांना सपक लागतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘भाऊ, मला बोलायला जागा लागते.’ म्हणजे लाउंजच्या मऊ सोफ्यावर बसून ते दोन तास मिरचीचे भाव सांगतात, बाजाराच्या मैदानात सांगतात त्याच आवाजात. पहिल्या पंधरा मिनिटांत आजूबाजूची माणसं उठून दुसरीकडे जातात. मग एका खुर्चीवर ते स्वतः, दुसरीवर पिशवी, तिसरीवर पाय. पास महाग पडत नाही का, म्हटलं, तर म्हणाले, ‘तीन खुर्च्यांत भागा की!’