विक्रमानंतरचा दुष्काळ

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि महिला क्रिकेटचा जन्म जणू त्याच रात्री झाला, असे बोलले जाऊ लागले. इंदूरकरांनी तरी या सुरात सूर मिसळू नये. होळकर संघाच्या चार रणजी विजयांची व कर्नल सी. के. नायडूंच्या षटकारांची पारायणे आम्ही अजूनही करतो. पण याच शहराच्या संध्या अग्रवाल यांनी १९८६ मध्ये वूस्टरला इंग्लंडविरुद्ध १९० धावा काढून बेटी स्नोबॉल यांचा १९३५ पासूनचा जागतिक कसोटी विक्रम मोडला, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे? या पराक्रमाचे फळ काय? त्या मालिकेनंतर भारतीय महिला संघाला पुढची कसोटी मिळाली ती १९९१ मध्ये! १९८४ ते १९९५ या काळात अग्रवाल यांच्या वाट्याला अवघ्या १३ कसोट्या आल्या. त्यांत चार शतके आणि पन्नासाहून अधिक सरासरी. पैशाअभावी हे घडले, असे सांगतात. मग २००६ मध्ये श्रीमंत नियामक मंडळाने कारभार हाती घेतल्यावरही महिलांची पुढची कसोटी थेट २०१४ साली का व्हावी? तेव्हा तिजोरी तर रिकामी नव्हती.