खिशातला कॅमेरा आणि तानसाचे पाडे

२००७ साली अमेरिकेत आलेला ‘फ्लिप’ हा खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा २०११ मध्ये बंद झाला. त्याचे चित्रण कुणाला पाठवायचे तर संगणक लागे. फोनला तो लागत नव्हता.

या बदलाचे मोल तानसा परिसरात कळते. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते. त्याच मुंबईत सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये कुस्ती चित्रित केली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे मात्र कॅमेरा क्वचितच वळला. आज वारली लग्नातील धवलेरीचे गाणे पाड्यावरचाच तरुण फोनवर टिपतो. मग ‘फ्लिप’साठी हळहळ कशाला?

चिंता वेगळीच आहे. जुनी कॅसेट निदान ट्रंकेत पडून राही. फोन भरला की पहिली कुऱ्हाड व्हिडिओंवर. तालुक्यातील वाचनालयांनी, गावकऱ्यांच्या संमतीने, ते आताच उतरवून ठेवावेत.