बसलं म्हणजे जुळलं का?

आपल्या हॉस्टेलमध्ये गाडीवेड्यांचे दोन गट आहेत. एक बाजा एसएईइंडियाच्या टीमचा. ही मंडळी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा धूर खातात. दुसरा गट भिंतीवर अमेरिकन हॉट रॉडचं पोस्टर लावून "घरची जुनी जीप अश्शीच करणार" म्हणणारा. इंजिन, पॉवर, टायर यावर दोघंही तासभर बोलतील. पण पुढचा एक्सल आणि स्पिंडल म्हटलं की दोघांचं उत्तर एकच : "भंगारात मिळेल, बसवून टाकू!" माझा आक्षेप या "बसवून टाकू"ला आहे.

हॉट रॉड म्हणजे अमेरिकन जुगाड, असा आपला गोड गैरसमज आहे. 1932 च्या फोर्डला मेकॅनिकल ब्रेक होते. फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक दिले 1939 मध्ये. त्यामुळे तिथल्या पोरांनी जुन्या गाडीला नंतरच्या सालातले ब्रेक आणि स्पिंडल लावायला सुरुवात केली. ते जमलं, कारण कुठल्या सालाचं काय कशावर चालतं हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. किंगपिन ज्या डोळ्यातून जाते त्याची उंची सगळ्या सालांत सारखी नाही. उंची जुळली नाही तर स्पिंडल वर-खाली खेळतो, नाहीतर अडकतो. नवे बुश ठोकल्यावर वरचा आणि खालचा दोन्ही एकाच लाइनीत रीम करावे लागतात. पोस्टरवर यातलं काही दिसत नाही, फक्त लाल रंग दिसतो!

आपल्याकडे हॉट रॉड नाही, जीप आहे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षं तिचीच भावंडं खेड्यापाड्यांत धावली. त्या जीपचं मॅन्युअल पुढच्या चाकासाठी तीन कोन देतं : किंगपिनचा झुकाव 7.5 अंश, कॅम्बर 1.5 अंश, कास्टर 3 अंश. सबमिशनच्या वेळी आपण हे पाठ करतो. पण पहिले दोन मिळून 9 अंश होतात आणि हा 9 चा कोन लोखंडातच घडवलेला असतो, हे व्हायवात कुणी विचारत नाही. 7.5 एक्सलच्या टोकात असतात आणि 9 अंशांवर स्पिंडल किंगपिनशी बसतो. आता समजा उजवीकडे दुसऱ्या गाडीचा 8 अंशांचा भाग लावला. बोल्ट बसले, चाकही फिरलं. पण उजवीकडचा कॅम्बर राहिला अर्धा अंश आणि डावीकडे मूळचा दीड. गाडी आयुष्यभर डावीकडे ओढणार. अलाइनमेंटवाल्याकडे नेली तरी या सरळ एक्सलवर तो टाय रॉड फिरवून फक्त टो-इन जुळवतो. तो कोन फिरवायला त्याच्या हातात स्क्रूच नाही.

बैलजोडी घेताना शेतकरी दोन्ही बैलांची उंची आणि चाल का पाहतो? एक ठेंगणा निघाला की जू कलंडतं आणि भार एकाच खांद्यावर येतो. प्रत्येक बैल एकेकटा कितीही चांगला असो! स्पिंडलचंही तसंच आहे. डावा एकाचा आणि उजवा दुसऱ्याचा, म्हणजे दोन चांगले पार्ट आणि एक वाईट गाडी.

जीपमध्ये आणखी एक भानगड आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या शाफ्टला चार जातींचे सांधे येत : बेंडिक्स, रझेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर. नकलच्या (कॉपी नव्हे!) गोल हाउसिंगमध्ये ते झाकलेले असतात, बाहेरून ओळखू येत नाहीत. पहिले तीन सारख्या वेगानं फिरवतात. स्पायसर हा साधा युनिव्हर्सल जॉइंट, तो वळणावर वेग कमीजास्त करतो. थिअरी ऑफ मशीन्समध्ये सुटलेलं गणितच आहे हे. एकीकडे हा आणि दुसरीकडे तो घातला, की फोर-व्हीलमध्ये वळताना स्टिअरिंग एकाच बाजूला धडधडतं आणि दोष गिअरबॉक्सला मिळतो.

हे सगळं त्रासाचं झालं. खरी भीती वेगळीच आहे. स्पिंडल जिथं जाड होतो तिथं कोपऱ्यात छोटी गोलाई ठेवलेली असते. बेंडिंगचा सगळ्यात जास्त ताण तिथंच येतो. दुसऱ्या गाडीची बेअरिंग पूर्ण आत जात नाही म्हणून कुणीतरी तेवढी गोलाई ग्राइंडरनं घासतो. दोन मिनिटांचं काम, बेअरिंग मस्त बसते. पण तिथं आता धारदार कोपरा झाला आणि फटीग क्रॅकला घर मिळालं. फोर्ज केलेल्या स्पिंडलला वेल्डिंग करणं हा त्याचाच मोठा भाऊ. तो तुटेल तेव्हा वर्कशॉपमध्ये तुटणार नाही. वणी रोडवर समोरून कोळशाचा ट्रक येत असताना तुटेल.

बाजावाल्यांनी हसू नये. मारुती 800 चं नकल स्वस्तात मिळतं म्हणून अनेक कॉलेजांच्या टीम ते घेतात. ते मॅकफर्सन स्ट्रटसाठी बनलेलं आहे. डबल विशबोनला लावायचं तर वर ब्रॅकेट करावं लागतं आणि त्या ब्रॅकेटच्या भोकाची जागा किंगपिनचा झुकाव ठरवते. रिपोर्टमध्ये कॅडमधला कोन छापायचा आणि गाडीवर ड्रिल जाईल तिकडे भोक, हे चालू नये.

"पण मिस्त्री लोक वर्षानुवर्षं हेच करतात," असं उत्तर येतं. चांगला मिस्त्री असं करत नाही, हे आधी बघून या. तो शिम काढतो-घालतो, स्प्रिंगकाट्यानं नकल ओढून बघतो. टाय रॉडचा टेपर तेलात कालवलेला शेंदूर लावून तपासतो. पूर्ण पट्टा उमटला तर ठीक, नुसती कड उमटली तर पार्ट परत. त्याच्याकडे डिग्री नाही, मोजमाप आहे. आपल्याकडे नेमकं उलट!

पैशाचं म्हणाल तर मान्य आहे. जोडी महाग पडते, मेसचं बिलही थकलेलं असतं. म्हणून जुनं घ्या, पण दोन्ही बाजू एकाच गाडीच्या घ्या, एक्सलसकट. आरसी बुकात चासी आणि इंजिनचा नंबर असतो, स्पिंडल कुणाचा हे तिथं कुणी लिहीत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले, त्यांतही चासी, बॉडी आणि इंजिन बदलू नका एवढंच आहे. म्हणजे स्पिंडल तपासणारे आपणच.

सरांना विनंती आहे. वर्कशॉपमध्ये एक जुना पुढचा एक्सल स्टँडवर कायमचा बांधून ठेवावा. प्रत्येक टीमनं त्यावर बेव्हल प्रोट्रॅक्टर आणि मायक्रोमीटर घेऊन बसावं. मग आपल्या गाडीचे दोन्ही बाजूंचे कोन, किंगपिनचा व्यास, बेअरिंगच्या जागा आणि टेपर एका पानावर लिहावेत. ते पान फाइलला नसेल तर गाइडनी सही करू नये. फायनल इयरवाले ओरडतील, ओरडू द्या. पहिलं पान यंदाच्या टीमकडून, गाडी ट्रकवर चढायच्या आत.